वाइसमुलरचं धड अखेर जमलं! (टारझन सिरीज, पुढचा हप्ता)

मंडळी, वाइसमुलर सुटला, म्हणजे माझा टारझनचा छोटा पुतळा! म्हणजे पूर्ण नाही झालाय अजून, हात बाकी आहेत, केस बाकी आहेत, पण ज्या धडाने गेल्या पावसाळ्यापासून डोकं खाल्लं होतं ते धड आता धड दिसायला लागलंय.

मागचे हप्ते वाचलेल्यांना माहितीच आहे, १:१२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याएवढे पुतळे करून, पडद्यावर टारझन झालेले सगळे नट ओळीने उभे करायचे असा हा उद्योग. मूकपटवाल्यांनी काही त्रास दिला नव्हता. एल्मो लिंकन तर फारच सोपा गेला, १९१८ चा पहिला टारझन, भली मोठी छाती, खांद्यावरून टाकलेलं कातडं, डोक्याला पट्टा, लांबून कुणीही ओळखतं. फ्रँक मेरिल जिम्नॅस्ट, त्याचे दंड आणि खांदे केले की झालं. आणि मग आला १९३२ चा जॉनी वाइसमुलर आणि गाडी तिथेच अडकली.

अडचण अशी की या माणसाच्या अंगावर कट्सच, म्हणजे मसलच्या उठून दिसणाऱ्या रेघाच नाहीत. पॅरिस १९२४ आणि ॲमस्टरडॅम १९२८ मिळून पोहण्यातली पाच सुवर्णपदकं, १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस, सहा फूट तीन इंच उंच, म्हणजे आपल्या स्केलला साधारण १५.९ सेंमी, आणि तरी फोटोत बघा, पोटावर एक रेघ नाही. पोहणाऱ्याचं शरीर, ताकद सगळी पाठीत आणि खांद्यात, वरून गुळगुळीत. आता मसल दाखवायचे असले तर काय, कोरणीने खाच मारली की मसल दिसतो, नंतरचा टारझन गॉर्डन स्कॉट तसा अर्ध्या संध्याकाळीत उभा राहील. पण खाच न मारता आत मसल आहे हे कळलं पाहिजे, ते कसं करायचं? खाचा काढल्या की तो वाइसमुलर राहत नाही, कुठल्यातरी जिममधला पोरगा होतो, आणि खाचा बुजवल्या की कपड्याच्या दुकानातला पुतळा. या दोन टोकांमध्ये मी नुसता झुलत होतो.

रेफरन्सचाही घोळ होताच. स्टुडिओचे पब्लिसिटी स्टिल्स दिसायला झकास पण लाइटिंग इतकं गोडगोड की फॉर्म कळतच नाही. त्यापेक्षा सिनेमा पॉज करत करत बघा, विशेषतः १९३४ च्या ‘टारझन अँड हिज मेट’ मधले फ्रेम, तिथे तो वळतो, चढतो, पाण्यातून बाहेर येतो तेव्हा बरगड्यांच्या बाजूने जी सावली सरकते ना, तीच खरी माहिती. मी १९३४ चाच धरलाय. एमजीएम सोडून आरकेओ या स्टुडिओकडे गेल्यानंतरचा, १९४८ च्या शेवटच्या सिनेमापर्यंतचा वाइसमुलर कमरेत बराच भरलाय, तो करायला सोपा आहे पण मन नाही होत.

तर तोडगा कुठे मिळाला, पेणला! कामासाठी गेलो होतो, एका कारखान्यात शाडूच्या मूर्तींचं काम चालू होतं, तिथल्या काकांना मोबाइलवर फोटो दाखवला, म्हटलं काका हे गुळगुळीत पण जिवंत कसं करायचं. ते हसले, म्हणाले अहो आमच्या गणपतीच्या पोटाला कुठे मसल असतात, तरी ते पोट बसल्यासारखं दिसतं की नाही? आणि मग त्यांनी जे दाखवलं ते कुठल्याच व्हिडिओत मी बघितलं नव्हतं. एक, डोक्यावरची ट्यूब बंद आणि बाजूने एकच दिवा, तोही कडेने अंग चाटून जाईल असा. दोन, मसल एकेक करून करायचाच नाही, आधी छाती, पोट, कंबर हे तीन मोठे उतार बसवायचे आणि एक उतार दुसऱ्यात कुठे मिसळतो तेवढंच सांभाळायचं. तीन, शेवटचा हात बोटाने नाही, ओल्या ब्रशने.

घरी येऊन मी त्यात आपली भर घातली. शाडू आपल्या कामाची नाही, वाळताना आकसते आणि आत तारेचं आर्मेचर (सांगाडा) असलं की तडकते, म्हणून दोन भाग मिसळले की कडक होणारी इपॉक्सी पुटीच ठेवली. पण आता दोन थरात. आतला थर मुद्दाम भडक, सगळे मसल खोल कोरलेले, जवळजवळ कातडी सोललेला माणूस. तो पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करायचा (हे केलं नाही तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो) आणि वरून जेमतेम एक मिलिमीटरची कातडी चढवायची, ओल्या ब्रशने मोठे उतार जोडत जायचं. आतले मसल वर दिसत नाहीत पण दिवा फिरवला की जाणवतात. अहाहा! परवा रात्री दिवा इकडून तिकडे नेत नुसता बघत बसलो होतो, बायको म्हणाली आता झोपा, तो कुठे पळून जात नाही.

हत्यारांबद्दल दोन शब्द. डेंटिस्टची स्टीलची हत्यारं या कामाला निरुपयोगी, ती खाचच काढतात, त्यांना दुसरं काही येत नाही. रबरी टोकाचे शेपर घ्या, मऊवाले. एम-सील तारेचे सांधे बांधायला उत्तम, पण कातडीला मला जास्त वेळ खेळवता येणारी पुटी लागते. ती मी एका ऑनलाइन दुकानातून मागवली तर एक नळी आतून दगड झालेली निघाली, वर म्हणतात उघडलेला माल परत घेत नाही, अरे उघडल्याशिवाय कळणार कसं? आता पुटी फक्त दुकानात जाऊन, नळी दाबून बघून घेणार.

रंगाचा विचार मात्र लिहितालिहिता बदलतोय. मी त्वचेचे शेड मिसळून ठेवले होते, पण वाइसमुलरचे बाराही टारझनपट ब्लॅक अँड व्हाइट. टारझन म्हणून त्याला आपण कुणी रंगात बघितलेलंच नाही, मग गुलाबी अंग कशाला? त्याला करड्या छटांतच रंगवतो! म्हणजे एल्मोपासून वाइसमुलरनंतरच्या लेक्स बार्करपर्यंत सगळी रांग करडी आणि १९५७ च्या ‘टारझन अँड द लॉस्ट सफारी’ पासून, जो पहिला रंगीत टारझनपट, गॉर्डन स्कॉटच्या अंगावर एकदम रंग येणार. मेरिलला आधीच रंगवलंय त्याचं काय, तर त्याला परत प्रायमर.

क्रमही बदलतो. वाइसमुलरनंतर बाकीचे ऑलिम्पिकवाले करायचे होते, क्रॅब, ब्रिक्स आणि १९३६ च्या बर्लिनचा डेकॅथलॉन विजेता ग्लेन मॉरिस. पण ही दोन थरांची पद्धत हातात ताजी आहे तोवर दारासिंग करून टाकावा असं वाटतंय. १९६५ चा ‘टारझन कम्स टू दिल्ली’. मल्लाचं शरीर, प्रचंड ताकद आणि कट्स जवळजवळ नाहीतच, म्हणजे हीच परीक्षा, फक्त वजन जास्त. आणि दारासिंग येणार तर १९३७ चा ‘तुफानी टारझन’ जॉन कावस हवाच, वाडिया मूव्हीटोनचा, आणि १९८५ चा हेमंत बिर्जेही. आपल्याकडच्यांची वेगळी फळीच होईल.

जॉक महोनी दोन करणार हे नक्की. १९६२ चा ‘टारझन गोज टू इंडिया’ वाला, चाळिशी ओलांडलेला तरी सडसडीत स्टंटमन, आणि पुढच्याच वर्षीचा, थायलंडच्या शूटिंगमध्ये डेंग्यू आणि हगवणीने खंगलेला. एकाच सिनेमात माणूस उतरत गेलेला दिसतो. १९६० मध्ये तोच गॉर्डन स्कॉटसमोर व्हिलन होता, म्हणजे खरं तर तीन होतील, पण तिसऱ्याचं नंतर बघू.

महोनीवरून आत्ता आणखी एक सुचलं. वाइसमुलरच्या एमजीएमच्या सिनेमांतले हत्ती आपले आशियाई होते, आफ्रिकन दिसावेत म्हणून त्यांना मोठे नकली कान चढवायचे! आणि महोनीचा सिनेमा तर भारतातच, धरणाच्या पाण्यातून हत्तींचा कळप वाचवायची गोष्ट, तिथे कान लावायची गरजच नाही. मग एकच हत्ती करायचा आणि कान मॅग्नेटवर, वाइसमुलरशेजारी ठेवताना लावायचे, महोनीशेजारी ठेवताना काढायचे. कान पुटीचे केले तर जड होऊन लोंबतील, पातळ पितळी पत्र्यावर पुटीचा हात फिरवावा असा विचार आहे. पत्र्यावर पुटी नीट धरते का, आणि या साइजला ३ मिमीचे मॅग्नेट पुरतील की ५ चे घेऊ, कुणी केलं असेल तर लगेच सांगा, रविवारी लोहार चाळीत चक्कर आहे.