तुम्ही विचारलंत म्हणून : ती घर सोडून का जात नाही?

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत मी समुपदेशन करते, हे कळलं की लोक हमखास विचारतात, ‘कमावती बाई, एवढा मार खाते, मग निघून का जात नाही?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

मार रोज नसतो. हिशेब रोज असतो. एक नर्स यायच्या माझ्याकडे. पगार त्यांच्या खात्यात, एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. सकाळी बसभाड्यापुरते पैसे मिळायचे, संध्याकाळी तिकिटं दाखवायची. ड्युटी लांबली तर व्हिडिओ कॉलवर वॉर्ड दाखवायचा. माहेरचा फोन स्पीकरवर. ‘बरी आहेस ना?’ असं आईने विचारलं की ‘हो’ म्हणायचं, कारण तो समोरच बसलेला. हळूहळू आईने विचारणंच सोडलं. हात तो क्वचितच उचलायचा. उचलू शकतो हे बाईंना ठाऊक होतं, तेवढं त्याला पुरायचं.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८४ साली मार सोसलेल्या बायकांशी बोलून याच गोष्टींचं एक चक्र मांडलं गेलं. मधोमध सत्ता आणि ताबा. भोवती पैशाची कोंडी, एकटं पाडणं, धाक, मुलांना वेठीला धरणं, ‘तूच मला भाग पाडलंस’ म्हणणं. आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी मारहाण. कुठलं डुलुथ! पण आमच्या केंद्रात येणारी बाई ते चित्र बघून म्हणते, ‘हे आमच्याच घरचं आहे.’

मला सर्वांत भीती वाटते ती त्याच्या माफीची. तो रडतो, साडी आणतो, सासरमाहेर दोन्हीकडचे म्हणतात, ‘बघ, सुधारला.’ पुढच्या वेळी तिचं ऐकणारं एक माणूस कमी झालेलं असतं.

आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक आणि मानसिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. पण ताबा सुटतोय असं दिसलं की तो जास्त हिंसक होऊ शकतो, म्हणून निघण्याचा काळ फार धोक्याचा. ती थांबते तेव्हा पुष्कळदा जिवाचा विचार करूनच थांबलेली असते.

म्हणून तिचा फोन आला तर ‘अजून तिथेच आहेस?’ म्हणू नका. आत्ता बोलता येतंय का ते आधी विचारा, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगा, आणि जमत असेल तर तिच्या आधारकार्डाची, मुलांच्या दाखल्यांची झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवून घ्या.