तुम्ही विचारलंत म्हणून : हलता येत नसताना जाग आली तर?

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनआधीच्या तपासणीत बीपी, शुगर, दात, मान सगळं बघून झालं की पेशंट हमखास एक प्रश्न विचारतात. "मॅडम, भुलेत अंग लुळं पडतं म्हणे. मध्येच जाग आली आणि हलताच आलं नाही तर?" यावर "काही होत नाही, काळजी करू नका" असं सांगून वेळ मारून नेता येते. पण भीती निराधार नाही, म्हणून उत्तर पूर्ण द्यावं असं मला वाटतं.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नसतं. झोप आणणारं औषध वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं. या तिसऱ्याला आम्ही ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, 'रिलॅक्संट' म्हणतो. त्यामुळे पोटाचे स्नायू मऊ पडतात, सर्जनला आतपर्यंत नीट पोचता येतं आणि मला श्वासनलिकेत ट्यूब घालता येते. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे हे औषध निरोप अडवतं. हृदय चालूच राहतं, मेंदूपर्यंत औषध पोचत नाही. श्वासाचे स्नायू मात्र थांबतात. त्या क्षणापासून पेशंटचा प्रत्येक श्वास ही माझी जबाबदारी असते.

हे औषध आलं दक्षिण अमेरिकेतल्या शिकारी बाणांच्या विषातून, क्युरारेतून. १९४२ च्या जानेवारीत माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनात ते वापरलं आणि भूलशास्त्र बदलून गेलं. पण त्याने झोपही येते का, याबद्दल तेव्हा डॉक्टरांमध्येच गोंधळ होता. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी झोपेचं कुठलंही औषध न घेता स्वतःला क्युरारे टोचून घेतलं. सगळं अंग निपचित पडलं, श्वास सहकाऱ्यांनी चालू ठेवला. औषध उतरल्यावर त्यांनी सांगितलं की ते पूर्ण शुद्धीवर होते. ऐकू येत होतं, टोचलेलं कळत होतं. रिलॅक्संट झोपवत नाही आणि दुखणंही कमी करत नाही, याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही. प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात मी हा प्रयोग सांगते.

आता तुमचा प्रश्न. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलेत जाग आल्याच्या तक्रारींची देशव्यापी पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. पूर्ण भूल दिलेल्या सुमारे १९,००० पेशंटमागे एकाची अशी तक्रार होती. रिलॅक्संट वापरलं असेल तर सुमारे ८,००० मागे एक, वापरलं नसेल तर सुमारे १,३६,००० मागे एक. फरक एवढा का? रिलॅक्संट नसेल तर भूल हलकी झाल्यावर पेशंट हात हलवतो, कपाळाला आठ्या घालतो आणि आम्ही लगेच औषध वाढवतो. रिलॅक्संटमुळे ही खूणच नाहीशी होते. मग दुसरीकडून खबर ठेवावी लागते. पेशंट बाहेर सोडत असलेल्या श्वासात भुलेचा वायू किती आहे हे मॉनिटर दाखवतो. झोपेचं औषध शिरेतून चालू असेल तर ती सलाइनची सुई चादरीखाली न झाकता मी डोळ्यांसमोर ठेवते, कारण सुई निसटली तर पेशंट सांगू शकणार नाही.

त्याच अहवालात दिसलं की बहुतेक तक्रारी ऐन ऑपरेशनच्या नव्हत्या. भूल चढतानाच्या किंवा उतरतानाच्या होत्या. उतरतानाच्या म्हणजे झोप उतरली पण रिलॅक्संट उतरलं नाही, अशा मधल्या वेळेच्या. म्हणून तुम्ही 'मध्येच काय होईल' असं विचारता तेव्हा मला शेवटाबद्दल बोलावंसं वाटतं. ट्यूब काढायची वेळही जोखमीची असते.

ते नीट करायचं कसं, ते सांगते. रिलॅक्संट किती उतरलं ते बघायला मनगटाजवळ करंगळीच्या बाजूने दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार बारीक विजेचे झटके द्यायचे. औषधाचा पूर्ण अंमल असताना अंगठा जागचा हलत नाही. मग एका झटक्याला हलतो, पुढे दोन, तीन, चार. पण चारही दिसले म्हणजे काम झालं असं नाही. चौथी हालचाल पहिलीच्या किमान ०.९ पट जोरकस हवी. तोवर घशाचे स्नायू कमजोर असतात, गिळणं नीट होत नाही, लाळ फुफ्फुसात उतरू शकते, झोपेत घसा मिटून ऑक्सिजन खाली येतो. पेशंट श्वास घेतोय असं वरून दिसतं, कारण छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा घशाच्या आधी सावरतो. तिथेच फसगत होते.

"डोकं पाच सेकंद उचलून धरा", "माझा हात दाबा" या जुन्या चाचण्या प्रमाण ०.९ च्या बरंच खाली असतानाही जमतात. अंगठा डोळ्यांनी पाहून किंवा हाताने चाचपूनही ०.४ च्या पुढचा फरक कळत नाही, तो आकडा यंत्रानेच मोजावा लागतो. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलं आहे. आपल्याकडच्या कित्येक छोट्या हॉस्पिटलांत हे यंत्र नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पल्स ऑक्सिमीटर आज कुणी चैन मानत नाही. याचंही तसंच व्हायला हवं. मी ते माझ्या बॅगेतून सगळीकडे नेते.

उतारा म्हणून निओस्टिग्मिन आणि त्याच्या जोडीला ग्लायकोपायरोलेट द्यायची पद्धत जुनी आहे. पण अंगठा अजिबात हलत नसताना ते दिलं तर उपयोग होत नाही. थांबावंच लागतं, सर्जन पुढच्या केससाठी कितीही घाई करोत. रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम यांपैकी एखादं रिलॅक्संट दिलं असेल तर सुगमाडेक्स हे नवं औषध खोल अंमलही काही मिनिटांत उतरवतं. ते महाग पडतं, पण गरज असेल तिथे मी मागून घेते.

स्कोलिन या रिलॅक्संटची गोष्ट वेगळी. ट्यूब तातडीने घालायची असेल तेव्हाचं हे औषध मिनिटभरात काम करतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. काही घराण्यांत ते एन्झाइम जन्मतःच कमी असतं. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं दक्षिण भारतातल्या अभ्यासांत दिसलं आहे. हा समाज आपल्या नांदेड-परभणीकडेही आहे, म्हणून तिकडच्या भूलतज्ज्ञांना हे तोंडपाठ असतं. हा आजार नव्हे. रोजच्या जगण्यात काही अडत नाही. पण स्कोलिन दिलं तर श्वास परत यायला काही तास लागू शकतात. तेवढा वेळ पेशंटला व्हेंटिलेटरवर, आणि मुख्य म्हणजे झोपेत, ठेवायचं. औषध आपोआप उतरतं.

"घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का?" असं विचारलं की आधी सगळे नाही म्हणतात. मग जाता जाता एखादी आजी म्हणते, "धाकट्या दिराला भूल जास्त झाली होती, रात्रभर मशीनवर होते." मला नेमकं हेच हवं असतं. ऑपरेशनच्या वेळी अचानक ताप भडकून कुणी दगावलं असेल तर तेही सांगा. मोठं भाजलेलं असेल, लकवा असेल, स्नायूंचा आजार असेल तर स्कोलिनमुळे रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. मग आम्ही दुसरं औषध निवडतो.

चूक ओटीबाहेरही होऊ शकते. २०१७ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या रुग्णालयात स्कॅनआधी मन शांत राहावं म्हणून ७५ वर्षांच्या बाईंना मिडॅझोलॅम द्यायचं होतं. औषधं काढून देणाऱ्या यंत्रात मिडॅझोलॅमच्या 'व्हर्सेड' या ब्रँडची पहिली अक्षरं टाइप केली गेली आणि हाती आलं व्हेक्युरोनियम. ते दिलं गेलं, जवळ लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, आणि त्या गेल्या. आपल्याकडे कित्येक ठिकाणी एकाच फ्रिजमध्ये इन्सुलिन, ऑक्सिटोसिन आणि अ‍ॅट्राक्युरियम हे रिलॅक्संट शेजारी शेजारी असतात. रिलॅक्संटचा डबा वेगळा, त्यावर लाल पट्टी, भरलेल्या सिरिंजवर लाल लेबल, आणि वार्डात हे औषध ठेवायचंच नाही, यासाठी मी सिस्टरांच्या मागे लागते. त्याही आता माझ्या मागे लागतात, ते मला फार आवडतं.

तपासणीला येताना जुनी डिस्चार्ज कार्डं आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा. बायकांना एक जास्तीचं सांगते: गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील आणि सुगमाडेक्स दिलं गेलं असेल तर त्या गोळ्यांवर पुढचे ७ दिवस विसंबू नका, जोडीला दुसरं साधन वापरा. घरी जाताना ते दिलं होतं का, हे भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. कार्डावर ते लिहिलेलं असेलच असं नाही.