सुर्ल्याचा कडा, दोन दिवस आणि घरी राहिलेली प्लेट

दिवाळी आटोपल्यावर मी आणि मावसभाऊ गोव्यात सत्तरीतल्या सुर्ल्याला फोटो काढायला जाऊन आलो, साखळीला बेळगावची बस धरली, केरीवरून चोर्ला घाट चढला की फाट्यावर उतरायचं आणि सॅक पाठीवर टाकून गावात चालत जायचं. राहायची सोय गावातच ओळखीने एका घरी झाली. हा सगळा म्हादई अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे जंगलात तंबू ठोकायचा विचार सोडा, वनखात्याला आधी विचारूनच जा आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

पहाटे पाचला उठून कड्यावर जाऊन बसलो, थंडीने दात वाजतायत, खाली दरी धुक्याने भरलेली, ते फोटो बरे आले, पण वझऱ्याचा, म्हणजे धबधब्याचा, कडा काळाठिक्कर. नंतर डोक्यात प्रकाश पडला, सह्याद्रीची ही भिंत पश्चिमेला तोंड करून उभी, सूर्य मागून पठारावरून येतो, मग सकाळी कातळावर ऊन येणार कुठून? दुपारी साडेतीननंतर जा, तिरपं ऊन पडलं की कातळाचे थर एकेक मोजता येतात. पहाट फक्त धुक्यासाठी.

आता माझी फजिती. दोन किलोचा ट्रायपॉड घाटभर वाहिला आणि कॅमेऱ्याला लावायची प्लेट घरी टेबलावर! शेवटी ज्यांच्याकडे उतरलो त्या काकींकडून तांदळाची कापडी पिशवी मागून घेतली, दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 11, शटर पाव सेकंद उघडं, पाणी मस्त रेशमी आलं. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर नक्की घ्या, ओल्या पानांवरची आणि दगडावरची चमक जाते. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स मात्र दोन दिवस नुसती पाठ दुखवायला आणली होती. पुढच्या काचेवर सारखं दंव बसतं, त्यामुळे जुन्या धोतराचा तुकडा खिशातच ठेवा. पाणी माणशी तीन लिटर, आणि कड्याजवळच्या शेवाळावर शहाणपणा नको, भाऊ एकदा चांगलाच आपटला.

संध्याकाळी पिशवी परत द्यायला गेलो तर काकींनी स्क्रीनवर सगळे फोटो निरखून बघितले आणि म्हणाल्या, "सगळें उदकूच काडलां मरे, आमचें घर खंय?"