स्ट्रेस प्लॉटवरचा बाण नेमका कुठे टेकवायचा

स्ट्रेस प्लॉट म्हणजे वस्तूत कुठे किती स्ट्रेस (ताण) आहे हे रंगांनी दाखवणारी आकृती, आणि बाण टेकवायचा तो सर्वाधिक स्ट्रेसच्या जागी. उदाहरण घेऊ: 100 मिमी रुंद पट्टी, मधोमध 20 मिमी व्यासाचं भोक, लांबीच्या दिशेनं 100 मेगापास्कल ओढ. जर्मन अभियंता किर्शनं 1898 मध्ये अमर्याद रुंद पट्टीच्या भोकाकाठी तिप्पट स्ट्रेस येतो हे दाखवलं. इथे रुंदी मर्यादित आहे, म्हणून सुमारे 314 मेगापास्कल यायला हवा. उत्तर आधीच माहीत असल्यानं प्लॉट तपासायला याहून चांगलं उदाहरण नाही.

स्ट्रेसचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सॉल्व्हर, पट्टीचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतं; तुकड्यांचे कोपरे म्हणजे नोड आणि सगळं जाळं म्हणजे मेश. आकृती काढणाऱ्या पायथनच्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीतल्या ‘ट्रायँग्युलेशन’ला नोडचे नुसते एक्स-वाय दिले, तर तो स्वतःच त्रिकोण जोडतो आणि भोकही रंगवून टाकतो. एलिमेंट कनेक्टिव्हिटी (कोणता एलिमेंट कोणत्या नोडांचा, ती यादी) सोबत द्याच. सॉल्व्हरचे नोड बहुधा 1 पासून मोजलेले असतात, पायथन 0 पासून मोजतं, तेव्हा 1 वजा करा. चौकोनी एलिमेंटचे दोन-दोन त्रिकोण पाडा. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा, नाहीतर भोक अंडाकृती दिसतं.

आता बाण. आकडा हातानं टाइप करू नका. मेश बदलली की तो खोटा ठरतो. ‘आर्गमॅक्स’नं (सर्वांत मोठा आकडा कुठे आहे ते सांगणारं फंक्शन) सर्वाधिक स्ट्रेसचा नोड शोधा, त्याचेच कोऑर्डिनेट ‘ॲनोटेट’ला (बाण आणि लेबल काढणारं फंक्शन) द्या आणि मजकुराचं अंतर ‘ऑफसेट पॉइंट्स’मध्ये ठेवा, म्हणजे झूम केल्यावरही लेबल बाणापासून भरकटत नाही. पण आधी शोध भोकाभोवतीच्या नोडपुरताच ठेवा. पट्टीचं टोक पूर्ण जखडलेलं असेल तर तिथल्या कोपऱ्यात सिंग्युलॅरिटी असते: मेश जितकी बारीक, तितका आकडा चढत जातो. त्या आकड्याला काही अर्थ नाही, त्याच्याकडे बाण वळवणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

आकडा कोणता, हेही लेबलमध्येच लिहा: ‘फॉन मीझेस, नोडवर सरासरी’. फॉन मीझेस म्हणजे सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा. सॉल्व्हर जिथे स्ट्रेस काढतो ते गॉस पॉइंट एलिमेंटच्या आत असतात, त्यामुळे तिथली किंमत भोकाच्या काठापेक्षा कमी भरते. दोन आकृत्यांची तुलना करायची असेल तर रंगपट्टी दोन्हीकडे एकच हवी. इथे 0 ते 325, दर 25 ला एक टप्पा.

लेबल मराठीत हवं असेल तर सावध. मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्या देवनागरी अक्षरं नीट जुळवत नाहीत, ‘किमान’मधली वेलांटी ‘क’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ या सेटिंगला ‘नन’ देऊन एसव्हीजी (चित्राचा एक फाइल-प्रकार) सेव्ह करा आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे जोडाक्षरं बरोबर उमटतात.