पहाटे बंद पडणारा थर्मोस्टॅट

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात घरोघरच्या गॅस फर्नेस, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या, दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे आणि नोव्हेंबर ते मार्च ही आमची सुगी असते. या दिवसांत फोन करणारा ग्राहक बहुतेक वेळा निदानही स्वतःच सांगून मोकळा होतो : "थर्मोस्टॅट गेलाय." तळघरातल्या फर्नेसकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, भिंतीवरचा थर्मोस्टॅट मात्र येताजाता दिसतो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर जातो. वास्तविक त्याचे काम अगदी मोजके आहे. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. ते 'आर' नावाच्या तारेने थर्मोस्टॅटपर्यंत पोहोचतात. खोली गार झाली की थर्मोस्टॅट 'आर' आणि 'डब्ल्यू' या तारा आतल्या आत जोडतो आणि फर्नेसला पेटण्याचा हुकूम मिळतो. ज्या थर्मोस्टॅटमध्ये बॅटरी नसते, त्याचा स्क्रीन याच 'आर' आणि परतीच्या 'सी' तारेवर चालतो. म्हणजे स्क्रीन काळा पडला, तर थर्मोस्टॅट बिघडला असेल किंवा त्याला वीजच पोहोचत नसेल. आणि या दोन शक्यता वेगळ्या करायला वीज मोजणारा मल्टीमीटर जवळ असलेल्या माणसाला दोन मिनिटे पुरतात. अट इतकीच, की तो माणूस तिथे असताना स्क्रीन काळा असला पाहिजे.

जानेवारीत ब्रॅम्प्टनमधल्या एका मराठी कुटुंबाचा फोन आला, तेव्हा हीच अट आडवी आली. थंडीच्या रात्री मधूनच थर्मोस्टॅट बंद पडे, सकाळपर्यंत घर १४-१५ अंशांवर उतरे आणि दिवसा कधीतरी स्क्रीन आपोआप उजळून फर्नेस सुरू होई. एका कंपनीचा माणूस येऊन थर्मोस्टॅट बदलून गेला होता. आठवड्यात पुन्हा तेच झाले, तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या माणसाने नवा नग सदोष निघाल्याचे सांगून टचस्क्रीनचा महागडा थर्मोस्टॅट बसवला होता. तोही पहिल्याच कडक थंडीत बंद पडला. दोघेही आले ते अकरा-बाराच्या सुमारास, सारे काही सुरळीत चालू असताना. अशा कंपन्यांत प्रत्येक घरासाठी ठरावीक वेळ नेमून दिलेली असते आणि विकलेल्या प्रत्येक भागावर माणसाला कमिशन मिळते. 'दोष आढळला नाही' असे लिहून परतणाऱ्याची तिथे किंमत होत नाही.

मीही गेलो तो दुपारीच. फर्नेस बंद करून पुन्हा सुरू केली आणि तिचा क्रम पाहिला : धूर ओढणारा पंखा फिरला, धूर नीट ओढला जातो ना हे तपासणारा प्रेशर स्विच लागला, ज्योत पेटवणारा इग्नायटर लाल झाला, गॅस उघडला, ज्योत सेन्सरने ओळखली, थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू झाला. फ्यूज शाबूत, तारांचे जोड घट्ट, व्होल्टेज हवे तेवढे. हा सारा वेळ घरातले वयस्कर काका जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होते. आईवडिलांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणाऱ्या सुपर व्हिसावर मुलाकडे आलेले हे गृहस्थ मूळचे सांगली जिल्ह्यातले, वीज मंडळाच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून आयुष्यभर पाळ्या करून निवृत्त झालेले. माझी हत्यारे पिशवीत जाऊ लागली, तेव्हा त्यांनी एक शाळकरी वही पुढे केली. "बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या," असे मुलगा म्हणाला. "करू देत की. फक्त एकदा नजर टाका म्हणावं," असे म्हणून काकांनी वही माझ्या हातात दिली.

उपकेंद्रात दर तासाला मीटर वाचून लॉगशीट भरणाऱ्या माणसाचीच ती वही होती. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, स्क्रीन गेल्याची वेळ, आल्याची वेळ, घरातले तापमान, बाहेरचे तापमान, शेरा. झोप कमी असल्यामुळे रात्रीच्या नोंदीही नेटक्या होत्या. बाहेरचे तापमान शून्याच्या वर राहिले, त्या एकाही रात्री स्क्रीन गेला नव्हता. उणे आठच्या खाली उतरले, की दोन ते चारच्या दरम्यान तो जाई. शेऱ्याच्या रकान्यात 'स्वच्छ ऊन' लिहिले होते त्या दिवशी तो दहा-साडेदहाला परत आलेला होता, 'ढगाळ' लिहिले होते त्या दिवशी दुपार टळून गेल्यावर. थर्मोस्टॅट होता बैठकीच्या खोलीत, आतल्या भिंतीवर. बाहेर ऊन पडले की ढग आले, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता. तेव्हा दोष अशा ठिकाणी असणार होता, जिथे या व्यवस्थेचा बाहेरच्या हवेशी संबंध येतो.

इथे थोडे सविस्तर सांगायला हवे. कॅनडात २००९ च्या अखेरीपासून नव्या गॅस फर्नेसची कार्यक्षमता किमान ९० टक्के असावी असा नियम आहे, आणि २०१९ पासून ती ९५ टक्के झाली आहे. एवढी ऊब काढून घेतल्यावर धुरातली वाफ आतच निवते आणि तिचे पाणी होते, किंचित आम्लधर्मी. कडक थंडीच्या दिवसात ते सहज दहा लिटरच्या पुढे जाते. साधारणपणे हे पाणी तळघराच्या जमिनीतल्या मोरीत सोडतात. या घरात मात्र भाडेकरू ठेवण्यासाठी तळघराची खोली करून घेताना ठेकेदाराने मोरी नव्या फरशीखाली गाडून टाकली होती. पाण्याची सोय म्हणून त्याने फर्नेसशेजारी एक छोटा पंप ठेवला आणि त्याची करंगळीएवढी प्लास्टिकची नळी भिंतीतून पूर्वेच्या अंगाला बाहेर काढून दिली. घर विकताना फोटोत छान दिसणारी असली तळघरे इथे पुष्कळ आहेत. एक गोष्ट मात्र त्याने नीट केली होती : पंपाची टाकी तुडुंब भरली तर फर्नेस थांबावी, म्हणून टाकीतला सुरक्षा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाऊन वीज तोडणारा स्विच, त्याने 'आर' तारेत जोडला होता. तो उघडला, की थर्मोस्टॅटची वीजच तुटते.

संशय आला, तरी प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज बिल लिहायचे नाही, हा माझा रिवाज आहे. "स्क्रीन जाईल तेव्हा वेळ न बघता मला उठवा," असे मी काकांना सांगून आलो. पुढच्या थंड रात्री चारला दहा कमी असताना त्यांचा फोन आला : "गेला. बाहेर उणे अकरा." मी पोहोचलो तेव्हा घरातली सगळी माणसे शाली गुंडाळून बसली होती. थर्मोस्टॅट काढून त्याच्यामागे भिंतीवर तारा जोडलेल्या पट्टीवर मीटर लावला. 'आर' आणि 'सी' मध्ये शून्य. खाली फर्नेसच्या बोर्डावर त्याच दोन खुणांमध्ये २६ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि थर्मोस्टॅट हे तिघेही तिथेच निर्दोष सुटले. पंप घुमत होता, त्याची मोटर हाताला चटका देण्याइतकी तापली होती आणि टाकी झाकणापर्यंत भरलेली होती. फ्लोट स्विचच्या तारा सुट्या करून पाहिल्या, स्विच उघडा. मग टॉर्च घेऊन घराच्या पूर्वेला गेलो. भिंतीतून निघालेली नळी खाली झोळ खाऊन लोंबत होती आणि त्या झोळात वीतभर लांबीचा बर्फाचा बुच बसला होता. स्वयंपाकघरातून कोमट पाणी मागवून नळीवर ओतत राहिलो. थोड्या वेळाने बर्फाची कांडी सरकून बाहेर पडली, पाठोपाठ पाण्याची चिळकांडी उडाली आणि आतून काकांची हाळी आली : "आला! स्क्रीन आला!"

रोज सकाळी हेच काम ऊन करत होते. पूर्वेची विटांची भिंत तापे, बर्फ सुटे, पंप टाकी रिकामी करी, स्विच मिटे. आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दोषाचा मागमूस उरत नसे.

मुलाने लगेच विचारले, "मग तो स्विचच काढून टाकता येईल ना? इंटरनेटवर तसं करतात." माझ्या आधी काकांनीच उत्तर दिले : "अरे, रिले ट्रिप होतो म्हणून कोणी रिले काढतं का?" मला एवढीच भर घालावी लागली, की स्विच काढला असता तर रात्रभर पाणी ओसंडून ती नवी फरशी फुगली असती, आणि पाणी फर्नेसच्या दिशेने तुंबल्यावर अखेरीस प्रेशर स्विचने तिला बंद पाडलेच असते.

काम असे काही मोठे नव्हते. बाहेरची नळी काढून टाकली, भोक बुजवले आणि नवी नळी छताच्या कडेने, कुठेही झोळ राहणार नाही अशी, कपडे धुण्याच्या हौदापर्यंत नेली. उचल त्या पंपाच्या ताकदीत बसत होती. काढून टाकलेले दोन्ही थर्मोस्टॅट खोक्यात ठेवलेले होते. एकेक करून जोडून पाहिले. दोन्ही ठणठणीत निघाले, त्यातला घराचा मूळचा तर अर्ध्या अंशाचाही फरक न दाखवणारा.

आधीच्या दोघांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी जे मोजले ते बरोबरच असणार. दुपारी मोजले, तेव्हा मलाही तेच आकडे मिळाले. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काकांनी ही वही त्या दोघांपुढेही धरली होती. मजकूर आणि आकडेही मराठीत, त्यामुळे त्यांना काही वाचता आले नाही. आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला, जो स्वतः सॉफ्टवेअरच्या नोकरीत दिवसभर लॉग वाचतो, ते इंग्रजीत सांगावेसे वाटले नाही. "बाबांना काही उद्योग नाही, म्हणून लिहितात," असे त्याने मलाही हसतच सांगितले होते. शेऱ्याचा तो एक रकाना कोणी वाचला असता, तर दुसरा थर्मोस्टॅट तरी विकला गेला नसता असे मला वाटते. पण कमिशनची ती पद्धत आठवली, की तेवढीही खात्री राहत नाही.

बिलावर मी निष्कर्ष सविस्तर लिहून दिला : थर्मोस्टॅट निर्दोष, बाहेरची नळी गोठल्यामुळे फ्लोट स्विच उघडत होता, वेळ आणि मोजमापे अमुक अमुक. ते जोडून मुलाने कंपनीकडे दोन्ही थर्मोस्टॅटचे पैसे परत मागितले आहेत. बसवलेला भाग परत घेतला जात नाही, असे पहिले उत्तर आले आहे. आता काकांच्या वहीची पाने इंग्रजीत उतरवून दुसरे पत्र पाठवायचे ठरले आहे, आणि ते काम मुलाने स्वतःकडे घेतले आहे.