अम्माचा दोरा आणि आरएक्सचा शॉकअप

संक्रांतीच्या आधीचा रविवार. सकाळी साडेआठला दारात यामाहाची आरएक्स १०० येऊन थांबली आणि पाठोपाठ सरांची हाक आली, "मालक, आहात का घरात? तेल परत आलं की!"

बाहेर येऊन बघितलं. पुढच्या चाकाच्या डाव्या शॉकअपच्या, म्हणजे दणके झेलणाऱ्या पायाच्या, पाइपवर तेलाची रिंग, खाली बॉटमवर (पाइप ज्यात आत-बाहेर सरकतो ती नळी) ओघळ, आणि त्यावर अक्कलकोट रोडची धूळ बसून झालेला काळा चिखल. चार महिन्यांत तिसऱ्यांदा तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं. पहिली दोन दुसऱ्यांनी बदललेली, त्यामुळे त्यांना नावं ठेवून मी मोकळा झालो होतो. तिसरं माझ्या हातचं. ते वीस दिवससुद्धा टिकलं नाही.

गाडी सरांच्या वडिलांची, १९९० सालची. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली, म्हणून ज्याच्याकडे आहे तो तिला जपतो आणि ज्याने विकली तो अजून हळहळतो. सर अक्कलकोटला शाळेवर शिकवतात, रोज तिच्यावरच जातात-येतात. स्वतःचं वजन ९२ किलो, वर वह्यांचे गठ्ठे. "मंगळवारी पोरांना गड्ड्यावर, सिद्धेश्वरांच्या यात्रेला न्यायचंय, त्याच्या आत करून द्या," म्हणाले. मी पुढचं चाक काढून ड्रम उघडला, तर आतसुद्धा तेलाचा वास. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की पुढचा ब्रेक नावापुरता राहतो. पोरांना घेऊन या गाडीवर जायचं नाही, एवढं त्यांना तिथंच सांगितलं.

आठवडाभर मी सोलापूर शहरात एका गॅरेजात असतो. रविवारी घरीच, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगारांची दहा हजार घरं आहेत इथे, आणि बहुतेक उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली एक बाई. आमच्या उंबऱ्यात अम्मा असते. तिला रोजच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात, मला उरलेल्या चार फूट ओट्यावर गाडी खोलायची असते. त्यावरून रविवारी एकदा तरी वाजतंच. तिचं म्हणणं, पेट्रोलचा वास पानाला लागतो. खरंही असेल.

शॉकअप खोलायचं काम अवघड नाही, क्रम चुकला तर मात्र रडवतं. बॉटमच्या खालचा एल-कीचा बोल्ट आधी ढिला करायचा, वरचं टोपण नंतर. आतल्या डॅम्पर रॉडला (तेल जायची भोकं असलेली नळी) स्प्रिंग दाबून धरते तोवर बोल्ट निघतो. टोपण आधी काढलं की आतला रॉड बोल्टबरोबर गरागरा फिरत बसतो. मग झाडूचा दांडा तासून वरून आत ठोकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. शिकाऊ असताना मी एक अख्खा झाडू असा संपवलाय. अम्मा ते अजून काढते.

टोपण काढलं आणि चोर सापडल्यासारखं वाटलं. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण आत दाबलेला, आणि तेल तोंडापासून जेमतेम ४ सेंटीमीटर खाली. मी १५ ठेवलं होतं.

"सर, तेल कुणी वाढवलं?"

सर जरा चुळबुळले. "गाडी पुढून फार बसत होती. थोडंसं वरून ओतलं. जास्त तेल म्हणजे हार्ड, असं एक जण म्हणाला."

तो एक जण सोलापुरात प्रत्येक चौकात उभा असतो. तो अगदीच खोटं बोलत नाही, म्हणून घोळ होतो. शॉकअपमध्ये तेलाच्या वर हवा कोंडलेली असते आणि पाइप आत गेला की ती दाबली जाते. या गाडीचा पुढचा शॉकअप मी मोजला तेव्हा ११ सेंटीमीटर आत जात होता. म्हणजे खाली बसल्यावर १५ सेंटीमीटर हवा उरणार असेल तर २६ ची १५ होते, दाब पावणेदोन पट. ४ उरणार असेल तर १५ ची ४ होते, जवळजवळ चौपट. हिशोब ढोबळ आहे, स्प्रिंगची जागा मी धरलेली नाही. पण गाडी हार्ड लागली ती या हवेमुळे, आणि तो दाब सोसायचा कुणी? त्या बिचाऱ्या रबरी सीलने.

गाडी बसू नये म्हणून जाड तेल घालणारेही आहेत, काही तर सरळ इंजिन ऑइल ओततात. जुन्या साध्या शॉकअपमध्ये तेल डॅम्पर रॉडच्या ठरावीक भोकांतून ढकललं जातं. दणका जेवढा जोरात तेवढा विरोध वाढतो, आणि वाढतो तो वर्गाच्या पटीत: वेग दुप्पट, तर विरोध चौपट. म्हणून हळू ब्रेक दाबला तर गाडी नाक खुपसते आणि स्पीडब्रेकरवर मनगटाला झिणझिण्या येतात. जाड तेलाने दुसरा त्रास वाढतो. यावर इम्युलेटर नावाची छोटी झडप मिळते. डॅम्पर रॉडची भोकं मोठी करून ती त्याच्या डोक्यावर बसवतात, म्हणजे खाली जातानाचा विरोध भोकांऐवजी झडप ठरवते आणि मोठ्या दणक्याला वाट मोकळी करून देते. सरांनी मोबाइलवर ती बघून ठेवली होती. पण या बारीक पाइपच्या मापाची मला कधी मिळाली नाही, आणि चालू सील गळत असताना असले लाड करायचे नसतात.

त्यांच्या वजनाला मी वेगळं केलं. पाइपला प्लास्टिकचा टॅग बांधून त्यांना गाडीवर बसवलं होतं, तेव्हा ती नुसत्या वजनानेच ५ सेंटीमीटर बसली. ११ मध्ये तीन-साडेतीन बसली पाहिजे. म्हणून लाइट फिटिंगच्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे कापून स्प्रिंगवर ठेवले. याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते आणि खाली जायला जागा मिळते. हे सरांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच समजावून सांगितलं, मास्तर ते.

नवीन सील घातलं. पाइपच्या काठाने सीलचा ओठ कापू नये म्हणून त्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवली, ग्रीस लावलं आणि वरून सरकवलं. तेलाची उंची ठरवायला माझ्याकडे मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आहे. नळीवर १५ सेंटीमीटरला खूण. तेल जरा जास्तच भरायचं, नळी खुणेपर्यंत सोडायची आणि ओढत राहायचं. सिरिंजमध्ये हवा यायला लागली की झालं. दोन्ही पाय सारखे.

अडीच वाजता चाक चढवलं. एक्सलचा नट घट्ट करण्याआधी गाडी पाच-सहा वेळा दाबली, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. मग कुंभारीच्या फाट्यापर्यंत चक्कर मारली, प्रत्येक स्पीडब्रेकरवर मुद्दाम ब्रेक दाबत. सरांच्या ओतण्यानेच सील गेलं, माझ्या हाताचा दोष नाही, म्हणून मन हलकं झालं होतं. परत येऊन खाली वाकलो.

डाव्या पाइपवर तेलाची केसाएवढी रिंग.

मी काहीच बोललो नाही. सर म्हणाले, "आधीचं राहिलं असेल." पाइप मी पेट्रोलने पुसून चढवला होता. आधीचं कसं राहील?

पुन्हा सगळं खोललं. सीलच्या ओठावर बारीक चीर होती, तासाभरात पडलेली. म्हणजे पाइपच कापत होता. पाइप कॉटन वेस्टने पुसला, उन्हात धरून बघितला, आरशासारखा चमकत होता. सकाळी नखही फिरवलं होतं. आता टेबलाच्या काचेवर लोळवून बघितला, वाकलेलाही नव्हता. मी ओट्यावर बसून राहिलो.

"काय करलालास बे सकाळपासून?" अम्मा सुपावरून नजर न उचलता म्हणाली. "एकच काम तीनदा."

"पाइप कुठंतरी खरबडीत आहे. सापडत नाही."

"दोरा लाव की."

लग्नाआधी ती मागावर कांड्या भरायची. सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला कुठं कूस आली की सूत तुटत राहायचं, ती कूस डोळ्याला दिसायची नाही. मग सुताचाच पदर धोट्यावरून ओढायचा. हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं?

विड्या बांधायच्या रिळातला हातभर दोरा तिने तोडून दिला. मी पाइपला एक वेढा घातला आणि दोन्ही टोकं धरून सावकाश वर सरकवायला लागलो. "ओढू नको, नुसता चालव," अम्मा. दोरा गुळगुळीत चालला होता. सील ज्या जागी बसतं तिथून चार बोटं वर आला आणि अडकला. किंचितच. सुटला तेव्हा त्यावर पिंजलेला कापूस उभा राहिला होता. खाली आणून पुन्हा चालवला, पुन्हा तिथंच.

पेनने खूण केली आणि सरांनी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला. खसखशीएवढे तीन खड्डे, क्रोमला पडलेले, कडा धारदार. पाइपच्या मागच्या अंगाला, चाकाकडे. मी नख फिरवलं होतं ते उभं, दोन रेघांत. पूर्ण गोल फिरवलंच नव्हतं. गाडी नुसती उभी असली की सील त्या खड्ड्यांच्या खाली असतं, म्हणून गळत नाही. ब्रेक दाबला की पाइप आत जातो आणि तीन सुऱ्या सीलवरून जातात.

खड्डे आले कुठून, त्याचं उत्तर सरांनीच दिलं. दोन वर्षं त्यांनी शॉकअपवर रबरी गेटर, म्हणजे पाइप झाकणाऱ्या घड्यांच्या नळ्या, लावले होते, बुलेटसारखं दिसावं म्हणून. गळती लागल्यावर काढून टाकले. वॉशिंगचं पाणी वरून आत शिरायचं आणि खाली निघायला भोक नव्हतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत पाइपला गंज चढवायला एवढी मेहनत लागते.

खरा उपाय म्हणजे नवा पाइप, नाहीतर हार्ड क्रोम: जुना थर घासून काढायचा, नवा चढवायचा आणि परत मापात ग्राइंड करायचा. त्यासाठी पाइप पुण्याला पाठवावा लागणार होता. मंगळवार तर तोंडावर. म्हणून खड्डे पेट्रोलने आणि टाचणीने साफ केले, अरल्डाइट भरलं, रात्रभर वाळू दिलं. सोमवारी कामावरून आल्यावर आधी १०००, मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासलं आणि दोरा चालवला. पहिल्यांदा अडकला. आणखी घासलं. तिसऱ्या वेळी अम्माने दोरा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चालवून बघितला. मान हलवली, मगच मी सील घातलं. ड्रम धुतला, लायनर नवे टाकले.

भोगीला सिद्धेश्वरांच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो. त्या आठवड्यात तेल कुठं कमी पडलं असेल तर माझ्या ओट्यावर नाही.

यात्रा आटोपल्यावर सर पाइप काढून द्यायला आले. मी आधी वाकून बघितलं. पाइपवर धूळ होती, बोट फिरवलं तर पावडरसारखी झडली. कोरडी.

"मग आता पुण्याला कशाला पाठवायचं?" सर म्हणाले.

"पाठवायचंच," मी म्हणालो. अम्मा आतून ओरडली, "आणि आल्यावर दोरा लावून घे. गेल्या वेळचं रीळ अजून दिलं नाहीस."