घंटाघर म्हणा, पटकन पोचाल

इंदूरला मावशीकडे गेलो की आमचं ठरलेलं असतं, सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली आणि मधल्या वेळात झोप. यावेळी म्हटलं जरा काहीतरी बघू या. रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं, महात्मा गांधी टाउन हॉल. तो म्हणतो, "भिया, घंटाघर बोलो ना!"

आणि खरंच, शास्त्री ब्रिजजवळ उतरलो तर आधी मनोराच दिसतो, चारही बाजूंना घड्याळ. मागे सिवनीच्या दगडातली ती घुमट आणि कळसांची इमारत, अर्धी चर्चसारखी, अर्धी आपल्याकडच्या राजवाड्यासारखी. इंडो-गॉथिक म्हणतात त्याला. मला तर सीएसटीबाहेर उभा असल्यासारखं वाटलं, फक्त लोकलची गर्दी नाही.

मूळ नाव किंग एडवर्ड हॉल. १९०४ सालचं बांधकाम. त्याच्या आदल्याच वर्षी शिवाजीराव होळकर गादीवरून पायउतार झालेले आणि नवे महाराज तुकोजीराव तिसरे म्हणजे तेरा-चौदा वर्षांचं पोर, तेव्हा हॉलला नाव कोणाचं द्यायचं यावर फार चर्चा झाली असेल असं मला तरी वाटत नाही. १९०५ च्या नोव्हेंबरात उद्घाटनाला आले प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, म्हणजे एडवर्डचाच मुलगा. बापाच्या नावाचा हॉल आणि फीत कापायला मुलगा, घरचंच कार्य की!

१९४८ मध्ये पाटी बदलून गांधी हॉल झाला. हे नाव मात्र उगाच डकवलेलं नाहीये, कारण १९१८ आणि १९३५ असे दोनदा गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला येऊन गेलेत. होळकरांच्या मराठी गावात हिंदीचं संमेलन, गंमतच आहे ना? पण इंदूरचं मराठी ऐकलंत तर नवल वाटणार नाही, आमची मावशीच "काय करून राहिलास" म्हणते.

आवारात लायब्ररी आहे, देऊळ आहे, मुलांना खेळायला बाग आहे. मधल्या मोठ्या हॉलमध्ये २००० माणूस मावतं म्हणे.

तिथून राजवाड्याला गेलो. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, आणि १९८४ च्या आगीत लाकूडकामाचं काय झालं ते इंदूरवाल्यांना विचारायची सोय नाही, लगेच हळहळतात. घंटाघराबद्दल असं कोणी हळहळत नाही, ते आहेच, रोजचंच.

संध्याकाळी मावशीला एडवर्ड वगैरे सगळं सांगायला लागलो तर म्हणाली, "ते मला नको सांगूस रे, आम्ही तिथे सेलला जायचो. रात्री अंगावर घेतलीस ना, ती चादर तिथलीच आहे."